मृत्युपत्रावरची दुसरी सही

न्हाई, चहा टाकनार न्हाई मी, आदीच सांगते. पानी हवं तर माठात हाय, घे तुझ्या हातानं. बस म्हनलं म्हंजे काम करनार असं न्हाई — उनाचं कुनाला दारात उभं ठेवू नये म्हनून बस म्हनलं. पाच आठवड्यांनी या घराची पायरी चढलीस, जुईली, आन् चढल्याबरोबर पिशवीतनं कागद काढलास. मावशी, किमयानं मृत्युपत्रावर सही केली ती तुमच्या डोळ्यांम्होरं, साक्षीदार म्हनून तुमची सही हाय, एवढं शपथेवर सांगा, लागलं तर कोर्टात येऊन सांगा. एवढंच. एवढंच म्हंजे केवढं, कळतंय का तुला? वाटीभर साखर मागायला आल्यावानी मागतीस. तो दुसरा साक्षीदार, तिच्या हापिसातला निषाद, तो गेला कॅनडाला, फोन उचलत न्हाई — मंग ऱ्हायली कोन, तर गोजराबाई. घरमालकीन. जिनं सहा वर्सं तुमाला वरचा मजला दिला आन् जिच्या तोंडावर तुमी दोघी खोटं बोललात. आता तीच गोजराबाई खरं बोलायला हवी तुमाला.

मावसबहिनी म्हनं. आठवतंय ना? खोली बघायला आलात तवा तूच म्हनलीस. किमया परभनीची, तू चिपळूनची, बोली येगळी, आडनाव येगळं, तोंडवळ्याचं तर नावच नको — म्या म्हनलं, असंल, मावशी दिली असंल लांब. लगीन का न्हाई झालं म्हनून इचारलं, तर किमया हसली, म्हनली, नोकरी चांगली हाय मावशी, घाई काय. तू खाली फरशीकडं बघत व्हतीस. म्या इस्वास ठेवला. सगळं माण गाव खोल्या भाड्यानं देतंय, कंपनीतली पोरंपोरी ठेवतंय, कोन कुनाचं कोन हाय ते बघत बसलं तर घरं रिकामी ऱ्हातील. मला काय ठावं वरती काय चाललंय? मी म्हातारी बाई, गुडघे धरलेले, जिना चढत न्हाई. आता उन्हाळ्यात वाळवन घालाया गच्चीवर गेले तर गेले — तवा दिसायचंच, दाराला पडदा कुटं व्हता तुमच्या. एका खाटंवर चादर घडी घातलेली, दोन वर्सं त्या चादरीची घडी मोडली न्हाई. दुसऱ्या खाटंवर दोन उश्या. हे बघायला काय मुद्दाम जावं लागतंय का? पन म्हंजे मला म्हाईत व्हतं असं न्हाई. दिसनं येगळं आन् कुनी सांगनं येगळं. तुमी सांगितलं न्हाई ना? मंग मला म्हाईत न्हवतं. तेच सांगनार मी, कुनीबी इचारलं तरी.

आन् मी मानून काय व्हतंय, सरकार तरी कुटं मानतंय तुमाला? कोर्टानं सांगितलंय ना, बाईचं बाईशी लगीन कायद्यात बसत न्हाई. ती बातमी लागली तवा तुमी हितंच व्हता, याच सतरंजीवर — वरचा टीव्ही बिघडला म्हनून खाली आला व्हता. पाच जज्ज. सकाळधरनं दुपारपातूर तेच. मी तांदूळ निवडत व्हते, मला वाटलं असंल काय तरी राजकारन. आन् किमया मदनंच उठली, मोरीत गेली आन् भांडी घासाया लागली. माझी भांडी. घासलेलीच व्हती, तरी परत घासली. तू हितं तशीच बसून, आन् आत नळ चालू. लई येळ चालू ऱ्हायला नळ. मंग म्या जाऊन बंद केला आन् तिच्या पाठीवर हात — ते जाऊ दे. पानी वाया जात व्हतं म्हनून गेले मी.

ह्या सहीचं म्हनशील तर — सही केली, न्हाई कुटं म्हनते. दिवाळीचे दिस, कढईत चकल्या सोडलेल्या, आन् तवाच नेमकी किमया कागद घेऊन आली, संगं तो निषाद. मावशी, एक सही हवी. म्या हात पुसला न पुसला, केली. काय लिवलंय ते बघितलंबी न्हाई. — काय बघतीस अशी? न्हाई बघितलं. — बरं, बघितलं. चौथीपातूर शिकल्ये मी, आन् वाचल्याबिगर सही करायची न्हाई ही सवय हाय मला, ती कुनी लावली ते नंतर सांगते. बघितलं. बावधनला बांधकाम चालू हाय तो फ्लॅट जुईलीला, सगळं जुईलीला, आन् तुझ्या नावाफुडं लिवलेलं, ‘माझी जोडीदार’. म्या इचारलं तिला, जोडीदार म्हंजे काय गं, जोडीदार तर नवऱ्याला म्हनत्यात. तर तिनं झारा घेतला माझ्या हातातनं, चकल्या करपाया लागल्या व्हत्या, त्या काढल्या, आन् म्हनली, “मावशी, लग्न झालं असतं तर हा कागद लागलाच नसता. फ्लॅटवर बँक दोघींची नावं घेत नाही, नातं नाही म्हणून. हप्ता दोघी भरतो, नाव माझं एकटीचं. उद्या मला काही झालं तर हिला तिथनं उठवतील, आणि कायद्याने त्यांचंच बरोबर असेल.” असं म्हनली. चकली तळता तळता. एकतीस वर्सांची पोर, आन् मरनाचं बोलत व्हती, मला राग आला, म्या म्हनलं सनासुदीचं अभद्र बोलू नको आन् सही ठोकली. कागदाच्या कडेला तेलाचा डाग पडलाय बघ, तो माझ्या अंगठ्याचा. तर झालं का समाधान? हितं घरात सांगितलं तुला. कोर्टात न्हाई सांगायची.

का म्हंजे? तिच्या भावाला शब्द दिलाय म्या. शैलेशचा फोन आला व्हता दोनदा. मास्तर हाय तो, लई गोड बोलतो — मावशी, तुमचं वय झालं, तुमाला काय आठवनार, आठवत न्हाई म्हना, कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढता. म्या म्हनलं बरं. आन् वाईट मानूस न्हाई तो, तू काय बी म्हन. हितं आला तवा माझ्या पाया पडला, वरती गेला आन् तिच्या वडन्या छातीशी धरून रडला, म्या आयकलं खाली. चावी म्याच दिली त्याला. मंग कुनाला देनार? भाडेकरार किमयाच्या नावावर, करारात तुझं नावच न्हाई. ती गेली, करार गेला. तो सख्खा भाव. तू कोन? पोलीस आले असते तर मी काय दाखवलं असतं त्यांना, दोन उश्या? त्यानं एका दुपारात खोली मोकळी केली — मिक्सर, कपाट, तिची स्कूटर, कपडे. तुझे कपडेबी गेले त्यात, ते मला नंतर कळलं, त्याला काय समजनार कुठला डरेस कुनाचा. मृत्युपत्र तुझ्या हापिसाच्या कपाटात व्हतं म्हनून वाचलं. दवाखान्याच्या फाटकाशी तुझ्या हातातनं तिचा चष्मा मागून घेतला त्यानं, आईला हवाय म्हनून, ते तेवढं मला आवडलं न्हाई. आन् परभनीला न्यायच्या गाडीत तुला चढू दिलं न्हाई, तेबी. पन मी काय बोलनार. घरचे म्हंजे घरचे. कायदाबी त्यांचाच. वरती आता दोन पोरं ठेवलीत म्या, नांदेडकडची. कोन एकमेकाचे म्हनून इचारलंबी न्हाई.

आन् कोर्ट कोर्ट काय करतीस, कोर्टात आदी काय इचारत्यात, म्हाईत हाय? नाव. मंग नवऱ्याचं नाव. हां. म्हनून नगं मला ते कोर्ट. तुला काय सांगायचं त्यात — आधारकार्डावर गोजरा भैरू असं हाय माझं. सगळं गाव गोजराबाई म्हनतंय, आक्का म्हनतंय, तोंडावर कुनी काय बोलत न्हाई. पन रेशनकार्डावर भैरूची बायको म्हनून नाव हाय ते गंगूबाईचं. लगनाची बायको ती. खालच्या आळीत ऱ्हाती, जित्ती हाय अजून, लेक हाय तिचा दयानंद. मी सव्वीस वर्सं ऱ्हायले भैरूसंगं. देवाम्होरं हार घातला व्हता त्यानं मला, वडगावच्या देवळात, पुजारी सोडून कुनी न्हवतं. पयली असताना दुसरी कायद्यात बसत न्हाई — तुमचं बसत न्हाई तसंच, फकस्त तुमच्यावर टीव्हीत बातमी लागती, आमच्यावर न्हाई. भैरूला ते कळत व्हतं. मानूस अडानी न्हवता. एक दिस मला मोटरसायकलवर घालून पौडला नेलं, रजिस्टर हापिसात, आन् ही दोन गुंठं बक्षीस लिवून दिली, वर म्हनला, वाच आदी, मंग सही कर, कुनावर इस्वास ठेवायचा न्हाई, माझ्यावरबी न्हाई. त्या कागदानं हे घर हाय मला. दयानंदानं दोनदा वकील केला, कागदाम्होरं काय चाललं न्हाई त्याचं. म्हनून मला कागद कळत्यात, पोरी. तुझा कागद मला त्या दिवशीच कळला व्हता.

पन दवाखान्यात कुटला कागद. नऊ वर्सं झाली. छातीत कळ आली त्याच्या, म्याच नेला रिक्षात घालून. तितं पोचल्यावर तासाभरात दयानंद आला, गंगूबाई आली. नर्स म्हनली आत एकालाच सोडनार, पेशंटची बायको कोन. गंगूबाई फुडं झाली. आन् ती नर्स माझ्याकडं बघून म्हनली, या कोण? मी तोंड उघडायच्या आदी दयानंद बोलला — आमच्याकडं कामाला हायेत. कामाला. सव्वीस वर्सं. आन् मी काय केलं असंल? काय न्हाई केलं. न्हाई म्हनले न्हाई, व्हय म्हनले न्हाई. भायेर गाड्या लावत्यात तितल्या शेडखाली जाऊन बसले. दोन दिस. तिसऱ्या दिवशी शेडखालीच कळलं मला, तो गेला म्हनून, शेजारच्या पेशंटच्या मानसाकडनं. तेराव्याला गेले न्हाई. कपाळ मी माझं घरात पुसलं, आरशाम्होरं, कुनी बोलावलं न्हाई पुसायला.

हे का सांगतीय मी तुला? तू इचारलंबी न्हाईस. बोलायचं काय आन् बोलतीय काय. — न्हाई, थांब. निघू नको. सांगते. सांगून टाकते एकदाचं, मंग जा.

त्या दिवशी सकाळी वर धाडकन आवाज झाला तवा कोन आलं? मीच आले ना, हेच गुडघे घेऊन. मोरीत पडली व्हती, तोंड एका अंगाला गेलेलं, तू नुसतं तिचं नाव घेत व्हतीस. बावधनच्या दवाखान्यापातूर तिचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. डाक्टर म्हनला डोक्यात नस फुटलीय, लगेच उघडावं लागंल, घरच्यांची सही द्या. तू फारम घेतलास. त्यात रकाना व्हता नात्याचा. तितं तू लिवलंस, बहीन. असं, भराभर. काउंटरवरच्या पोरीनं आधारकार्डं बघितली, आडनावं येगळी, तिला शंका आली. पन चांगली पोर व्हती ती. सोडून देनार व्हती, मला दिसत व्हतं. तुला तिनं रक्ताच्या खिडकीवर धाडलं आन् हळूच माझ्यापाशी आली. म्हनली, “आजी, चुलत-मावस कसल्यातरी बहिणी आहेत ना त्या? तुम्ही हो म्हणा, मी सही घेते.”

म्या म्हनलं, न्हाई. म्हनलं, भाडेकरू हायेत माझ्या, दोन गावच्या दोघी, नात्यातलं कोन न्हाई.

तुला वाटलं आधारकार्डामुळं झालं. पाच आठवडं तेच वाटतंय तुला, व्हय ना? आधारकार्डामुळं न्हाई झालं. मंग शैलेशला फोन लावत बसले ते, तो परीक्षेवर, फोन बंद, घरच्यांच्या बदली वरचा डाक्टर सही करनार व्हता, तो आला न्हाई, चार तास गेले. चार तास तू काचंच्या दाराशी उभी आन् मी बाकड्यावर, तुझ्याकडं पाठ करून. डाक्टर नंतर म्हनला, आदी उघडलं असतं तरी सांगता येत न्हाई. सांगता येत न्हाई म्हनला. म्हंजे वाचली नसती असंबी न्हाई म्हनला. मी आयकलंय ते नीट, मला ते रोज आयकू येतंय.

मुद्दाम केलं का? काय ठावं. कायद्याचं भ्या वाटलं असं सांगितलं असतं तुला, तेच सांगायचं ठरवलं व्हतं. पन तसं न्हाई. राग आला मला. तू रकान्यात लिवलंस त्याचा राग आला. इतकं सोपं व्हतं व्हय ते? एक शबुद लिवायचा, खोटा, आन् आत जायचं. आन् ती पोर घेतबी व्हती तो खोटा शबुद. मला का न्हाई आला लिवायला? मी खोटंबी बोलनार न्हवते, बायकोच म्हननार व्हते मी. तरी तोंड उघडलं न्हाई माझं, आन् तू, काल आलेली पोर — हे काय कारन हाय का? कारन न्हाई. म्हाईत हाय मला. किमयानं माझी भांडी घासली व्हती.

अशी उभी ऱ्हाऊ नको भिताडावानी. शिवी दे. ही कपबशी हाय, फोड. गावात जाऊन सांग, चावडीवर उभं ऱ्हाऊन सांग गोजराबाईनं काय केलं, मी न्हाई म्हननार न्हाई. — न्हाई? कागद काय फुडं सरकवतीस, मी काय बोलतीय आन् तू कागद — तेवढंच हवं तुला. फकस्त सही. बरं.

चष्मा दे तो, फळीवर हाय. दे न्हाई तर ऱ्हाऊ दे, घेते मी. ‘मयत किमया हिने माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत’ — व्हय, शुद्धीत व्हती. ‘स्वखुशीने’ — खुशी कसली, पन ऱ्हाऊ दे. हितं माझ्या नावाफुडं जागा का सोडलीय मोकळी? तुझ्या वकिलीनबाईनं सोडली? तिला म्हनावं गोजरा भैरू लिव. दयानंदाला काय करायचं ते करू दे. आन् तो शैलेश, त्याला मी फोन करीन, तो माझा परश्न हाय, तू मदी पडू नको.

सोमवारी नोटरीकडं म्हनलीस ना, पौडला? येते. न्ह्यायला येऊ नको, तुझ्या गाडीवर बसनार न्हाई मी, माझी मी येईन बसनं. कोर्टाची तारीख लागली की निरोप धाड, फोन करू नको. आन् तितं चार मानसांत मला मावशी म्हनायचं न्हाई. साक्षीदार हाय मी, साक्षीदार म्हन. हे काय तुझ्यासाठी न्हाई करत, समजू नको तसं. आन् त्या दिवसाचं यानं फिटलं असंबी मी म्हनत न्हाई, तूबी म्हनू नको. पुन्हा ही पायरी चढायची न्हाईस तू. मला तुझं तोंड बघवत न्हाई.

कागद घे. पिशवीत नीट घाल, घडी मोडू नको.

जा आता. फाटकाला कडी लावून जा, कुत्री शिरत्यात.